पंडुमाआधीच्या कैऱ्या

गुलाब निमगडे नागपूरहून परतला की घरात खेळ लागायचा. पिशवी खुंटीला, तांब्याभर पाणी घशात, मग दाराआडची छत्री काखेत, हनुवटी गळ्यात रुतवलेली, आणि चंद्रपूरच्या त्या दोन खोल्यांत साक्षात डॉ. चिंचाळकर सर उभे.

"हं. म्हणजे काय आहे, निमगडे, की..." एवढं बोलून गुलाब थांबायचा. खरे चिंचाळकरही तिथंच थांबत आणि खिडकीबाहेर बघत, जणू उरलेलं वाक्य समोरच्या कडुलिंबावर बसलंय आणि हाक मारली तर उडून जाईल. "...की घाई कसली आहे? प्रबंध म्हणजे काही भजी नव्हेत. काम पक्कं व्हायला हवं."

बायको चंदा पदराचा बोळा तोंडाशी धरून हसायची. "आता सरांच्या बाईचं करा न," म्हणायची. मग गुलाब छत्री ठेवायचा, मान तिरपी करायचा आणि साखरेत घोळलेल्या आवाजात नाकातून बोलायचा, "अगंबाई, कशाला आणलंत एवढं? आणि मध नाही का मिळाला या खेपेस?"

गुलाबची आई ठमाबाई मात्र हसत नसे. "गुरुजीची नक्कल करू नये, बापू," ती सुपातले तांदूळ पाखडत म्हणायची. "ज्याची नक्कल करते माणूस, त्याचा वारा लागते त्याले."

हा खेळ सात वर्षं चालला, कारण प्रबंधावर चिंचाळकर सरांची सही सात वर्षं व्हायची होती.

गुलाब मूळचा सावलीकडचा. बाप मूलच्या राईस मिलमध्ये पोती वाहायचा. छप्पन सालानंतर घरातले देव नदीत गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली आणि पोराच्या हातात पाटी. त्या पाटीवरून चालत चालत पोरगं एम.कॉम.पर्यंत गेलं आणि चंद्रपूरच्या एका कॉलेजात 'व्यवसाय संघटन' शिकवायला लागलं. एकोणऐंशी साली नागपूरला पीएच.डी.साठी नाव नोंदवलं, त्याच आठवड्यात मोहल्ल्यानं त्याला डाक्टर करून टाकलं. "जयभीम डाक्टर" सुरू झालं. एक म्हातारा तर नातीचा ताप दाखवायला आला. गुलाबनं समजावून सांगितलं, की हे ते डाक्टर नाही, आणि तेही अजून झालेलो नाही. म्हातारा म्हणाला, "मंग झाला का सांगजो. पोरगी तवरीक दम धरन."

पोरीचा ताप उतरला, ती शाळेत गेली, चौथी पास झाली. गुलाब काही डाक्टर झाला नाही. "कवा होता जी?" हा प्रश्न आधी कौतुकानं यायचा, मग सवयीनं, मग पानठेल्यावरची पोरं एकमेकांना कोपर मारून विचारू लागली.

प्रबंधाचा विषय होता चंद्रपूर जिल्ह्यातल्या वनमालाचा प्रवास. तेंदूपान, बांबू, मोहफूल, चारोळी हे जंगलातून निघून कारखान्यात आणि बाजारात पोचतात कसे, कोण तोडतं, कोण गोळा करतं, माल कुठं पडून राहतो, कोणत्या ट्रकची वाट बघतो आणि उशीर का होतो. गुलाब दर उन्हाळ्याच्या सुटीत एटापल्लीकडं हिंडायचा आणि अध्याय लिहायचा. अध्याय नागपूरला जायचा. मग ब्याऐंशीत सरकारनं जिल्हा फोडला, गडचिरोली वेगळं केलं. चिंचाळकर म्हणाले, "हं. म्हणजे काय आहे, की आता तुमच्या शीर्षकातला जिल्हाच राहिला नाही." शीर्षक बदलायला एक वर्ष. पुढं सर दिल्लीच्या परिसंवादाला जाऊन आले आणि 'पुरवठ्याची साखळी' असा नवाकोरा शब्द घेऊन आले. "तिकडे आता असंच म्हणतात, निमगडे. सगळीकडे घाला." सगळीकडे घालायला आणखी एक.

चंदानं एकदा टाइप केलेली पानं चाळली. "अवो, साखळी जंगलातून निघाली हे तं समजलं. पण शेवटची कडी तं सरांच्या सैपाकघरातच अडकवली हाय न."

खोटं नव्हतं. आणि ती कडी लावली होती ठमाबाईनंच. पहिल्यांदा गुलाब सरांकडं निघाला तेव्हा तिनं नव्या तांदळाचं गाठोडं त्याच्या हातात दिलं होतं. कोणाच्या घरी पहिल्यांदा जावं तर रिकाम्या हातानं जाऊ नये, ही त्या मुलखाची रीत. जाणारा देतो, घेणारा घेतो, दोघंही विसरतात. नागपुरात विसरत नाहीत, हे ठमाबाईला कुठून ठाऊक असणार? बाईंनी तो भात शिजवला, घरभर वास सुटला, आणि दुसऱ्या खेपेला दारातच विचारलं, "निमगडे, तो तांदूळ?" तिसऱ्या खेपेला चारोळी निघाली, चौथ्या खेपेला मध. पावसाळ्यात बांबूचे कोंब गेले. बाईंच्या अमरावतीच्या भावाला हिरडा लागायला लागला. एकदा घाईत गुलाबनं तांदूळ चंद्रपूरच्या दुकानातून घेतला, तर बाईंनी मूठभर नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "हा तुमच्या घरचा नाही हो." त्या खेपेला तिसरा अध्याय लाल शाईनं माखून परत आला. दोन्हींचा संबंध असेलच असं नाही. पण गुलाबनं पुन्हा दुकानातून काही घेतलं नाही.

एस.टी.चे कंडक्टरही त्याला ओळखायला लागले. "मास्तर, एक तिकीट का दीड? पोतं बी शिटावर बसून राह्यलं." भद्रावती येईपर्यंत साऱ्या गाडीला कळलेलं असायचं, की या पोत्याखाली एक पुस्तक आहे आणि ते नागपूरला पास व्हायला चाललंय.

मार्गदर्शक बदलावा, तर नव्यानं नोंदणी, नवा विषय, शून्यापासून सुरुवात. आणि त्या विषयात गुलाबला घ्यायला तयार झालेले चिंचाळकर एकटेच होते, हेही खरं. गुलाब त्यांना शिव्या द्यायचा तो फक्त छत्री काखेत मारून.

शहाऐंशीचा एप्रिल आला. विद्यापीठानं शेवटची मुदत दिली होती. महिनाअखेर सहीचा प्रबंध पोचला नाही तर नोंदणी रद्द. पाचही प्रती टाइप होऊन, कापडी पुठ्ठ्यात बांधून सरांच्या टेबलावर पडल्या होत्या.

"करून टाकू सही," चिंचाळकर म्हणाले. "हं. म्हणजे काय आहे, की आमची मुलगी येते आहे अमेरिकेहून. तिला तुमच्याकडच्या त्या जंगली कैऱ्यांचं लोणचं न्यायचंय. बारक्या, आंबटढाण असतात ना, त्या. दोन पोती आणा. मग निवांत बसू, सहीचंही उरकून टाकू."

गुलाबनं कॉलेजातून रजा काढली. आलापल्लीवरून एटापल्ली, तिथून पुढं लालसूच्या सायकलवर. लालसू माडिया पोरगा, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला, बांबू तोडायच्या कुपात, म्हणजे ठेक्यानं दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, मजुरी करायचा आणि गुलाबच्या सगळ्या सर्वेक्षणात दुभाष्या म्हणून हिंडलेला. त्याच्या गावाच्या शिवेवरच आंब्याचं झाड होतं. घोसच्या घोस. गुलाबनं पोतं खाली टाकलं, टाचा उचलल्या, हात वर केला.

लालसूनं सायकल सोडून दिली आणि त्याचं मनगट धरलं.

"नाई सर. हात नोका लावू."

"काऊन रे? कोणाचं झाड हाय?"

"कोणाचंच नाई. मर्का पंडुम नाई झाला अजून."

मर्का म्हणजे आंबा. पंडुम म्हणजे नव्या पिकाचा सण. नवी कैरी आधी देवाला आणि गेलेल्या म्हाताऱ्यांना द्यायची, मग साऱ्या गावानं एका जागी बसून खायची, आणि तोवर एकाही घरानं झाडाला बोट लावायचं नाही. मोहाचं तेच, चारोळीचं तेच. गुलाब इतकी वर्षं यायचा तो मे महिन्यात, कॉलेजला सुटी लागल्यावर. तोवर पंडुम होऊन गेलेला असायचा आणि पोरं झाडावर चढलेली असायची. त्यानं कधी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

"मंग कवा हाय पंडुम?"

"सारे घरं आले का."

"कुठी गेले?"

"कुपात. बांबू तोडाले."

"मंग ये म्हणा न घरी."

"ठेकेदार सोडत नाई. तोडलेला माल उचलला का सोडीन म्हणते. आंधी सोडलं तं हे पंडुम पंडुम करत पळतीन अन वापस येनार नाई म्हणते."

"उचलत काऊन नाई?"

"टरक नाई."

"टरक काऊन नाई?"

लालसू हसला. "तुमीच तं लिवून नेलं होतं न सर. कारखान्यात जागा नाई, म्हणून."

गुलाब झाडाखाली मटकन बसला. कारखान्यात जागा नाही म्हणून ट्रक नाही, ट्रक नाही म्हणून मजूर अडकलेले, मजूर अडकले म्हणून पंडुम नाही, पंडुम नाही म्हणून कैरी नाही, कैरी नाही म्हणून सही नाही. सात वर्षं जी साखळी तो टाइप करत होता, तिच्यात तो स्वतःच ओवलेला होता, पोत्यासकट.

आणि त्याच्या चौथ्या अध्यायात उशिराची कारणं तीन लिहिली होती. खराब रस्ते, ट्रकची टंचाई आणि 'स्थानिक मजुरांची कामाविषयी उदासीनता'. तिसरं कारण त्यानं जुन्या अहवालातून उचललं होतं. चिंचाळकर म्हणाले होते, "हे सगळेच लिहितात. घाला." लालसूनं एवढ्या वाटा तुडवून दाखवल्या, आणि त्याच्या गावाचं नाव त्या एका शब्दाखाली बसलं होतं.

लालसू त्याला गायत्याकडं घेऊन गेला. गायता म्हणजे गावाची पूजा सांभाळणारा म्हातारा. वारलू त्याचं नाव. तो बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. त्यानं पोत्यांकडं बघितलं, गुलाबकडं बघितलं, आणि माडियात दोन वाक्यं बोलला.

"का म्हणते?"

"म्हणते, तोडाचं असन तं तोडा. तुमी गावचे थोडी हाव? तुमाले बंधन नाई."

गुलाबच्या जिवात जीव आला. "मंग?"

लालसूनं कान खाजवला. "मंग काई नाई. तुमाले गावात आणलं मी. मंग कोंबडा, डुक्कर, जे दंड लागन ते माह्या घरून जाईन. तुमी नोका इचार करू."

म्हातारा खाली मान घालून सोलतच होता. गुलाबनं दोन्ही पोत्यांच्या घड्या घातल्या आणि काखेत मारल्या. लालसूच्या घरी त्याला आंबील मिळाली. ती पिऊन तो आल्या वाटेनं परतला.

"गोल बाजारातून घ्या न कैऱ्या," चंदा म्हणाली. "सरांच्या पोरीले अमेरिकेत का समजते?"

"पोरीले नाई समजत. बाईले समजते."

"मंग रिकाम्या हातानं जाशीन?" ठमाबाईनं विचारलं.

"रिकाम्या हातानं."

तिनं सूप खाली ठेवलं.

नागपुरात दार बाईंनीच उघडलं. आधी त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं, मग डाव्या, मग त्याच्या पाठीमागं रस्त्यावर. "मागून येतंय का?"

"नाही, बाई."

सरांसमोर बसून गुलाबनं सगळं सांगितलं. झाड, मनगट, पंडुम, कुपात अडकलेले लोक, ठेकेदार, ट्रक. कैऱ्या का नाहीत याचा खुलासा म्हणून सुरुवात केली, पण बोलता बोलता त्यालाच ते स्वच्छ दिसायला लागलं, आणि तो वर्गात शिकवावं तसा बोलत सुटला. चिंचाळकरांनी चष्मा काढला. गेल्या सात वर्षांत प्रथमच ते खिडकीकडं न बघता बोलले.

"हे कुठं छापून आलंय?"

"कुठंच नाही, सर."

"म्हणजे गावाचं स्वतःचं वेळापत्रक आहे. ते कारखान्याच्या वेळापत्रकाशी भांडतंय आणि आपण त्याला आळस म्हणतोय. निमगडे, तुमच्या प्रबंधाचा गाभा हा आहे. चौथा अध्याय साफ चुकलाय. मीही चुकलो."

त्यांच्या आवाजात खराखुरा आनंद होता. एवढा, की गुलाबला घाम फुटला.

"आता ऐका," सर म्हणाले. "महिनाअखेर मुदत आहे. चौथा अध्याय नव्यानं लिहायचा तर गावोगाव हिंडून सगळे पंडुम नोंदवावे लागतील. नोंदणी रद्द होईल, पुन्हा पहिल्यापासून. मी मार्गदर्शन करीन, आनंदानं करीन. नाही तर," त्यांनी चष्मा पुसला, "तुम्ही मला काही सांगितलं नाही. मी काही ऐकलं नाही. प्रबंध आहे तसा आहे, आणि मी सही करतो. ठरवा."

गुलाबनं टेबलावरच्या कापडी पुठ्ठ्यांकडं बघितलं. पुन्हा पहिल्यापासून म्हणजे पुन्हा तांदूळ, पुन्हा मध, पुन्हा कंडक्टर. म्हणजे पानठेल्यावरची पोरं. म्हणजे सुपाशी बसलेली आई, जी आता वाटीतला दाणा डोळ्याशी नेल्याशिवाय ओळखत नव्हती.

"सर, एवढा एक शब्द तरी काढता येईल? उदासीनता?"

"पाचही प्रती बांधून झाल्यात, निमगडे."

बाहेर कडुलिंबावर काही बसलेलं नव्हतं.

"करा सही, सर," गुलाब म्हणाला.

चिंचाळकरांनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, थोडा हिरमोड होता, मूल खेळायचं सोडून अभ्यासाला बसलं की होतो तसा. मग त्यांनी पेन उघडलं. आतून बाईंचा आवाज आला, "मग कैऱ्यांचं काय ठरलं?"

"पंडुम झाला की आणतो, बाई," गुलाबनं सांगितलं.

मे महिन्यात लालसू स्वतःच चंद्रपूरला आला. खांद्यावर कैऱ्यांचं पोतं. कुपातले लोक सुटले होते, पंडुम झाला होता. "तुमचा वाटा हाय सर," म्हणाला. "गायत्यानं धाडला. तुमी तोडलं नाई, हे त्यानं साऱ्या गावाले सांगतलं." ठमाबाईनं त्याला जेवू घातलं आणि परतीसाठी तांदळाचं गाठोडं बांधलं. हात धुता धुता लालसूनं विचारलं, "सर, पुस्तकात लिवलं न आमच्या पंडुमाचं? मी म्हातारबाले सांगून ठेवलं, सर लिवणार हाय म्हणून."

"हं," गुलाब म्हणाला. "म्हणजे काय हाय, लालसू, का..." आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला.

लालसू उरलेल्या वाक्याची वाट बघत थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं गाठोडं उचललं. गाडीची वेळ झाली होती.

पोतं नागपूरला पोचलं. लोणचं पडलं, मुरलं, काही बरण्या विमानात बसून गेल्या. थंडीत तोंडी परीक्षा झाली. पुण्याहून आलेले परीक्षक हसतमुख गृहस्थ होते, परीक्षेत त्यांनी अवघड काही विचारलं नाही. दुपारी सगळे चिंचाळकरांकडं जेवायला बसले. गुलाब मध्ये बसला होता, अंगावर नवा कोट. परीक्षकांनी वरणभाताबरोबर लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"वा. हे कुठलं हो?"

"यांच्याकडचं," बाई म्हणाल्या. "जंगलातलं."

"फार वेगळी चव आहे." त्यांनी कोय चोखली. "बरं, निमगडे, मघाशी विचारायचं राहिलं. चौथा अध्याय मला जरा सपाट वाटला. उशिराची कारणं तुम्ही तीन दिलीत. तीनच आहेत? तिथं राहून, हिंडून, आणखी काही दिसलं नाही?"

चिंचाळकर ताटातल्या मिठाकडं बघत राहिले. गुलाबच्या तोंडातही कैरीची फोड होती. ती त्यानं दाढेखाली धरली.

"तीनच, सर."

"असेल, असेल," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी आणखी लोणचं मागितलं.

चंद्रपूरच्या बसस्टँडवर मोहल्ला हार घेऊन उभा होता. ताप आलेल्या नातीचा म्हातारा सगळ्यांत पुढं. "झाला न? मी म्हटलंच होतं, दम धराव." घरी आल्यावर हार खुंटीला टांगले गेले, शेजारपाजार चहा पिऊन गेला, आणि घरात तिघंच उरली. चंदा पाय पसरून भिंतीला टेकून बसली.

"चाला," ती म्हणाली. "आज तं दोन दोन सर. आंधी चिंचाळकर करा, मंग पुण्याचे."

गुलाबनं दाराआडची छत्री काढली. काखेत मारली. हनुवटी आत ओढली.

"हं. म्हणजे काय आहे, की..."

तो थांबला. चंदा वाट बघत राहिली.

"करा न."

"केलं न."

"कुठी केलं?" चंदा म्हणाली. "हे तं तुमीच बोलून राह्यले."

ठमाबाई उठली. तिनं चाचपडत त्याच्या काखेतली छत्री काढून घेतली आणि दाराआड, जिथली तिथं, टांगून ठेवली.